वैद्यकीय प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का?

आजारपण वा कौटुंबिक संकट आल्यास एमबीबीएसची मिळालेली जागा राखून ठेवण्याची तरतूद भारतात नाही. मग विद्यार्थ्यापुढे मार्ग कोणते?

प्रतिनिधी

नीट परीक्षेत मनाजोगते गुण मिळाले, गुणवत्ता यादीत नाव लागले, हव्या त्या महाविद्यालयात जागाही मिळाली. आणि नेमक्या त्याच सुमारास क्षयरोगाचे निदान झाले, अपघातात पाय मोडला किंवा घरातील कर्त्या माणसाचे निधन झाले. अशा वेळी बहुतेक पालकांच्या मनात येणारा पहिला प्रश्न साधा असतो : ही जागा यंदाऐवजी पुढच्या वर्षी घेता येईल का? अमेरिकेत वा ब्रिटनमध्ये असा अर्ज करता येतो, हे नातेवाइकांकडून कानावर आलेले असते. भारतातील उत्तर मात्र 'नाही' असे आहे. हे उत्तर उशिरा कळल्यामुळे जागा आणि वर्ष दोन्ही हातचे जाण्याचा धोका असतो. म्हणूनच नियम काय आहेत, ते तसे का आहेत आणि त्यातूनही काय करता येते, हे प्रवेशफेऱ्या सुरू होण्यापूर्वीच समजून घेणे हिताचे ठरते.

गुणांची मुदत एका वर्षाची

भारतातील एमबीबीएस व बीडीएस प्रवेशासाठी नीट-यूजीचे गुण केवळ त्याच शैक्षणिक वर्षापुरते ग्राह्य असतात. गतवर्षीच्या गुणांवर यंदा प्रवेश मिळत नाही. म्हणजे जागा सोडली की तिच्यासोबत ती मिळवून देणारा गुणानुक्रमही संपतो. पुढील वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा परीक्षा आणि पुन्हा नवी यादी. २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी ही परीक्षा दिली आणि देशातील एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या घरात आहेत, हे ध्यानात घेतले की पुन्हा परीक्षा देण्याचा अर्थ स्पष्ट होतो.

शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के अखिल भारतीय कोटा, एम्स, जिपमर आणि अभिमत विद्यापीठे यांचे प्रवेश केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती म्हणजेच एमसीसी करते. महाराष्ट्रातील उर्वरित शासकीय व खासगी महाविद्यालयांचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजेच सीईटी सेल, करतो. दोन्हीकडील नियमावल्या वेगळ्या असल्या तरी 'मिळालेली जागा पुढील वर्षासाठी राखून ठेवा' असा पर्याय दोन्हींत नाही.

ही शिस्त आली कोठून?

या कठोरपणामागे प्रशासनाचा निव्वळ हट्ट नाही. न्यायालयीन निर्णयांची एक दीर्घ परंपरा आहे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही वैद्यकीय प्रवेश वर्षाच्या मध्यापर्यंत रेंगाळत असत. रिक्त राहिलेल्या जागा मागल्या दाराने भरल्या जातात, अशा तक्रारी होत्या. भारतीय वैद्यक परिषद विरुद्ध मधू सिंग या २००२ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका वर्षाच्या न भरलेल्या जागा पुढील वर्षाच्या मंजूर जागांत मिसळता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. जानेवारी २००५ मध्ये मृदुल धर प्रकरणात प्रवेशाच्या वेळापत्रकाचे काटेकोर पालन बंधनकारक करताना जागा पुढील वर्षात ओढण्यास मनाई असल्याचे न्यायालयाने पुन्हा सांगितले. २०१२ च्या प्रिया गुप्ता प्रकरणातही याच वेळापत्रकाचा आग्रह धरला गेला.

यामागील तर्क समजण्यासारखा आहे. प्रत्येक महाविद्यालयाला दरवर्षी ठरावीक संख्येच्या जागा मंजूर होतात. एक जागा राखून ठेवली तर यंदा ती रिकामी जाते, आणि त्या तुकडीत ती संपूर्ण अभ्यासक्रमभर रिकामीच राहते. पुढील वर्षी ती राखीव विद्यार्थ्याला दिली, तर त्या वर्षीच्या यादीतील एक विद्यार्थी मागे पडतो. शिवाय 'आजारपण' या सबबीचा गैरवापर होऊन जागा अडवून ठेवण्याचा बाजार मांडला जाण्याची भीती आहेच. एका सामाईक यादीवर लाखो विद्यार्थ्यांचे भवितव्य ठरते, तेथे अपवादाची दारे जितकी कमी तितका विश्वास अधिक, असे या व्यवस्थेचे गृहीतक आहे.

पुढील वर्षाची जागा मिळाली, पण कोणाला?

या नियमाला सर्वोच्च न्यायालयानेच एक अपवाद दिला आहे. १३ डिसेंबर २०१९ रोजी एस. कृष्णा श्रद्धा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. पात्र विद्यार्थ्याला स्वतःचा काहीही दोष नसताना, केवळ प्राधिकरणाच्या चुकीमुळे प्रवेश नाकारला गेला असेल आणि त्याने विलंब न लावता दाद मागितली असेल, तर अपवादात्मक परिस्थितीत न्यायालय त्याच वर्षी प्रवेश देण्याचा आदेश देऊ शकते. ते शक्य नसेल तर पुढील शैक्षणिक वर्षी प्रवेश देता येईल, असे या निकालात म्हटले आहे.

या निकालाचा आधार घेऊन आजारी विद्यार्थ्यालाही पुढील वर्षी जागा मिळेल, असा समज करून घेणे मात्र चुकीचे ठरेल. तेथे दोष यंत्रणेचा होता. येथे दोष कोणाचाच नसतो. आजारपणाच्या कारणास्तव जागा पुढे नेण्याचा हक्क हा निकाल देत नाही. न्यायालयात जाण्याचा विचार करणाऱ्या पालकांनी हा फरक वकिलाकडून आधीच समजून घ्यावा, कारण सुनावणीची वाट पाहताना प्रवेशाची अंतिम तारीख थांबत नाही.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये काय होते?

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण चार वर्षांच्या पदवीनंतर सुरू होते आणि देशभराची एकच गुणवत्ता यादी नसते. अर्ज सामाईक सेवेमार्फत जात असला तरी निवड प्रत्येक महाविद्यालय स्वतः करते. त्यामुळे निवड झालेल्या विद्यार्थ्याला एक वर्ष थांबू द्यायचे की नाही, हा त्या महाविद्यालयाच्या अखत्यारीतील प्रश्न असतो. विद्यार्थी कारणासह लेखी विनंती करतो. स्वतःचे आजारपण, कुटुंबातील संकट, प्रतिष्ठेची शिष्यवृत्ती, अर्धवट राहिलेले संशोधन अशी कारणे विचारात घेतली जातात. मुदतवाढ सहसा एकाच वर्षाची असते. ती देताना 'या काळात अन्य कोणत्याही महाविद्यालयात अर्ज करणार नाही' असे लिहून घेण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे, आणि पुढील हंगामात अर्जाची औपचारिकता पुन्हा पूर्ण करावी लागते. रिकामी झालेली जागा प्रतीक्षा यादीतील विद्यार्थ्याला मिळते. विनंती नाकारण्याचा अधिकारही महाविद्यालयाला असतो. मुदतवाढ ही सवलत आहे, हक्क नव्हे.

ब्रिटनमध्ये बारावीनंतरच वैद्यकीय अभ्यासक्रमाला अर्ज करता येतो. यूकास या सामाईक सेवेच्या अर्जातच पुढील वर्षी प्रवेश हवा असल्याचे नमूद करण्याची सोय आहे. निवड झाल्यावर परिस्थिती बदलली तर विद्यार्थ्याला थेट विद्यापीठाशी बोलावे लागते. काही वैद्यकीय महाविद्यालये अशी विनंती मान्य करतात, काही करीत नाहीत.

तेथे एकदा उलटाच प्रसंगही घडला. करोनामुळे २०२१ मध्ये लेखी परीक्षा रद्द होऊन शिक्षकांच्या मूल्यमापनावर गुण दिले गेले आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक विद्यार्थी पात्र ठरण्याची चिन्हे दिसू लागली. तेव्हा एक्सेटर विद्यापीठाने वैद्यकीय प्रवेश २०२२ पर्यंत पुढे ढकलण्यास तयार असलेल्या विद्यार्थ्यांना १० हजार पौंड आणि मोफत निवास देऊ केला होता. प्रवेश पुढे ढकलणे ही जागांच्या नियोजनाचीही बाब असते, हे त्यातून दिसले.

या दोन्ही देशांत विद्यार्थ्याला सवलत मिळते ती निवड करणारी संस्था आणि शिकवणारी संस्था एकच असल्यामुळे. भारतात निवड एक यंत्रणा करते आणि शिकवते दुसरी. त्यामुळे महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना कितीही सहानुभूती वाटली, तरी प्रवेश वर्षभर थांबवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसतो.

विद्यार्थ्यापुढील तीन मार्ग

भारतातील विद्यार्थ्यापुढे प्रत्यक्षात तीन मार्ग उरतात.

१. प्रवेश घेऊन मग रजा मागणे : आपल्याकडील सवलतीचे दार प्रवेशाच्या अलीकडे नाही, पलीकडे आहे. जागा निश्चित करून, शुल्क भरून विद्यार्थी महाविद्यालयाच्या पटावर आला की तो विद्यापीठाचा विद्यार्थी होतो आणि वैद्यकीय कारणास्तव रजेसाठी अर्ज करू शकतो. ही रजा आपोआप मिळत नाही; पण विचार होण्यासाठी अर्जदार तरी अस्तित्वात असतो. आजार काही आठवड्यांत वा महिन्यांत आटोक्यात येणारा असेल, तर सर्वसाधारणपणे हाच मार्ग सर्वांत सुरक्षित ठरतो.

२. वेळेत बाहेर पडून पुन्हा परीक्षा देणे : उपचार दीर्घकाळ चालणार असतील, तर जागा सोडणेच योग्य असू शकते. येथे कोणत्या फेरीत बाहेर पडायचे याला महत्त्व आहे. एमसीसीच्या गेल्या काही वर्षांच्या नियमांनुसार पहिल्या फेरीत मिळालेली जागा न स्वीकारता अनामत न गमावता बाहेर पडता येते. दुसऱ्या फेरीपासून अनामत जप्त होऊ शकते. अभिमत विद्यापीठांसाठी ती २ लाख रुपये आहे. अंतिम टप्प्यातील फेरीत जागा मिळूनही रुजू न झाल्यास पुढील नीट परीक्षेस बसण्यावर बंदी येऊ शकते. आजारी विद्यार्थ्यासाठी ही सर्वांत मोठी हानी, कारण त्याने गृहीत धरलेले पुढचे वर्षच त्याच्या हातून जाते.

दिलासा देणारी बाब अशी की, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये नीट-यूजीसाठीची कमाल वयोमर्यादा रद्द केली आणि प्रयत्नांच्या संख्येवरही मर्यादा नाही. एक वर्ष उपचारांत गेले म्हणून वैद्यकीय शिक्षणाचे दार कायमचे बंद होत नाही.

३. परदेशी प्रवेश : परदेशात एमबीबीएस वा समकक्ष शिक्षण घेऊन भारतात व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांना नीट पात्रता आवश्यक आहे, मात्र त्यासाठी हे गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात. त्यामुळे वर्षभर थांबून परदेशी जाणे नियमात बसते. परंतु आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार तेथील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असणे, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता पूर्ण करणे आणि भारतात परतल्यावर पुन्हा १२ महिन्यांची आंतरवासिता करणे बंधनकारक आहे. केवळ आजारपणामुळे गेलेली जागा भरून काढण्यासाठी घाईने हा मार्ग धरणे महागात पडू शकते.

रजेचे गणित

प्रवेश घेऊन रजेवर जाण्याचा निर्णय घेताना तीन आकडे समोर ठेवावेत. पहिला उपस्थितीचा. परीक्षेस बसण्यासाठी व्याख्यानांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती आवश्यक असते. प्रत्यक्ष अध्यापन दहा महिन्यांचे धरले, तर प्रात्यक्षिकांतील अनुपस्थिती एकूण दोन महिन्यांच्या आत ठेवावी लागते, आणि त्यातच सणवार, तापसर्दी, घरची कार्ये सारे आले. शरीररचनाशास्त्रातील विच्छेदनासारखा भाग तर घरी पुस्तक वाचून भरून निघत नाही.

दुसरा आकडा चार. आयोगाच्या २०२३ च्या पदवी वैद्यकीय शिक्षण नियमांनुसार पहिल्या वर्षाची परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी चारपेक्षा अधिक प्रयत्न मिळत नाहीत. तिसरा आकडा नऊ. प्रवेशाच्या दिनांकापासून नऊ वर्षांनंतर अभ्यासक्रम सुरू ठेवता येत नाही. साडेचार वर्षांच्या अध्यापनाचा विचार करता ही मुदत पुरेशी वाटते. पण तिचे घड्याळ प्रवेशाच्या दिवसापासून चालू होते, रुग्णशय्येवरून उठल्याच्या दिवसापासून नव्हे.

उपस्थिती अपुरी राहिली तर विद्यार्थ्याला पुढील तुकडीबरोबर बसावे लागते. म्हणजे एक वर्ष जाते. परंतु जागा राहते. जागा सोडणाऱ्याचेही वर्ष जाते, आणि जागाही. दोहोंतील हा फरक ध्यानात घेतला तर 'प्रवेश पुढे ढकलणे' आणि 'प्रवेश घेऊन एक तुकडी मागे पडणे' यांचा परिणाम बराचसा सारखाच असल्याचे दिसेल. पहिल्याला आपल्याकडे नियमाचा आधार नाही, दुसऱ्याला आहे. अर्थात त्या वर्षाचे शुल्क आणि वसतिगृहाचा खर्च पदरी पडतो, आणि खासगी महाविद्यालयात ही रक्कम लाखांच्या घरात असते, हेही विसरता येत नाही.

मनाचे आजार

शारीरिक आजाराचे प्रमाणपत्र मागताना कोणाला संकोच वाटत नाही. नैराश्य वा तीव्र चिंताविकार असेल तर मात्र घरातूनच 'कोणाला सांगू नकोस' असा सल्ला मिळतो. दोन वर्षे अखंड तयारी करून थकलेला विद्यार्थी प्रवेशाच्या दारात कोसळतो, तेव्हा आनंदाच्या भरात ते कोणाच्या लक्षातही येत नाही. आयोगाने नेमलेल्या राष्ट्रीय कृती दलाने २०२४ मध्ये सादर केलेल्या अहवालातील सर्वेक्षणात, सहभागी पदवी विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्के जणांनी निदान झालेला मानसिक विकार असल्याचे नमूद केले होते. सर्वेक्षण ऐच्छिक असल्याने हा आकडा सरसकट सर्व विद्यार्थ्यांना लागू करता येणार नाही. तरीही प्रश्न मूठभरांचा नाही, एवढे त्यातून दिसते.

जानेवारी २०२४ मध्ये आयोगाने राज्यांना पत्र लिहून, पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी जागा सोडल्यास आकारल्या जाणाऱ्या जबर दंडाच्या अटीचा फेरविचार करण्यास सुचविले होते. असह्य ताणाखालील विद्यार्थी दंडाच्या भीतीने अडकून पडतात, ही चिंता त्यामागे होती. व्यवस्था आरोग्याचे कारण ऐकू लागली असल्याची ही एक खूण मानता येईल.

मानसोपचारतज्ज्ञांचे प्रमाणपत्र हेही वैद्यकीय प्रमाणपत्रच असते आणि रजेच्या अर्जासोबत ते तितक्याच निःसंकोचपणे जोडावे. तातडीने बोलण्याची गरज असल्यास केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे.

काय करावे, काय विचारावे?

• महाराष्ट्रातील प्रवेशासाठी वैद्यकीय योग्यता प्रमाणपत्र द्यावे लागते. उपचार सुरू असतील तर ते लपवू नयेत. विद्यार्थी अभ्यासक्रमासाठी योग्य आहे की नाही आणि किती दिवसांत होईल, याविषयी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे स्पष्ट मत घ्यावे. क्षयरोगासारख्या संसर्गजन्य आजारात वर्गात व वसतिगृहात केव्हा परतता येईल, हे तारखेसह लिहून घ्यावे.

• पहिल्या फेरीचा निकाल लागण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी. बाहेर पडण्याची मुदत, अनामत, शुल्क परतावा आणि बंदीविषयीची कलमे दरवर्षी बदलू शकतात. गतवर्षीच्या विद्यार्थ्याचा अनुभव पुरेसा नसतो.

• एमसीसी आणि सीईटी सेल या दोन्ही प्रक्रियांत नाव असेल, तर एकीकडील निर्णयाचा दुसरीकडे काय परिणाम होतो, ते तपासावे.

• महाविद्यालयाच्या विद्यार्थी विभागाला लेखी विचारावे : रजेचा अर्ज कोणाकडे करायचा, मंजुरी महाविद्यालयाची की विद्यापीठाची, गैरहजेरीमुळे परीक्षेस बसता न आल्यास तो प्रयत्न मोजला जातो का, आणि पुढील तुकडीत बसल्यास शुल्क पुन्हा भरावे लागते का?

• तोंडी आश्वासनावर विसंबू नये. अर्जाची पोच, रुग्णालयातील दाखल व मुक्ततेची कागदपत्रे आणि मंजुरीचा आदेश यांची स्वतंत्र संचिका ठेवावी. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी पुढे कधी पत्रव्यवहार करावा लागला तर हीच कागदपत्रे उपयोगी पडतात.

• जागा सोडून वर्षभर थांबायचे ठरविल्यास उपचारांची कागदपत्रे जपावीत. पुढील प्रवेशाच्या वेळी शिक्षणातील खंडाचे कारण विचारले जाऊ शकते.

बदलास वाव आहे का?

गंभीर आजाराच्या मोजक्या प्रकरणांत, शासकीय वैद्यकीय मंडळाच्या तपासणीनंतर, एका वर्षाची मुदतवाढ देता येणार नाही का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. कृष्णा श्रद्धा निकालाने यंत्रणेच्या चुकीसाठी पुढील वर्षाची जागा देण्याची वाट दाखवली आहे. म्हणजे तसे करणे अशक्य नाही. आक्षेप गैरवापराचा आहे, आणि खोट्या प्रमाणपत्रांचा आपल्याकडील अनुभव पाहता तो पोकळ म्हणता येत नाही. आयोगाने नियम बदलला तरच हे घडू शकेल. एखाद्या महाविद्यालयाच्या वा राज्याच्या सद्भावनेने नव्हे.

तोवर आजारी विद्यार्थ्याच्या कुटुंबाने एकच क्रम पाळणे श्रेयस्कर : आधी डॉक्टरांकडून बरे होण्याचा अंदाजे कालावधी, मग माहितीपुस्तिकेतील तारखा, आणि शेवटी निर्णय. काही महिन्यांत विद्यार्थी उभा राहणार असेल तर जागा घ्यावी आणि रजा मागावी. उपचारच वर्षभराचे असतील तर पहिल्याच फेरीत, नुकसान नसताना, बाहेर पडावे. या दोहोंच्या मध्ये अंतिम फेरीपर्यंत 'बघू पुढे' म्हणत थांबणे, हा मात्र सर्वांत महाग पर्याय आहे.